वेगवान पिचिंगवर मुलीची नजर कशी बसवावी?

गंगापूर रोडचे बाबा (जूनचा तिसरा आठवडा)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी तेरा वर्षांची असून गेली तीन वर्षे सॉफ्टबॉल खेळते आहे. गेल्या वर्षी चौदा वर्षांखालील संघात ती चौथ्या क्रमांकावर बॅटिंगला येत असे आणि तिच्या हिटिंगवर संघाची बरीच भिस्त होती. यंदा शाळा सुरू झाल्यापासून तिला सतरा वर्षांखालील मुलींबरोबर सरावाला घेतले आहे. तिथल्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुली विंडमिल पद्धतीने, हाताची पूर्ण चक्कर घेऊन, इतका वेगवान चेंडू टाकतात की गेल्या तीन सराव सामन्यांत अकरा वेळा बॅटिंगला जाऊन ती सात वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाली.

मागच्या रविवारी ती बाद होऊन बाहेर आली, हेल्मेट काढले आणि बराच वेळ हातमोज्याची पट्टी उघडत आणि लावत बसली. मग म्हणाली, "बाबा, मला चेंडू दिसतच नाही. पिचरचा हात फिरतो आणि एकदम कॅचरच्या ग्लोव्हजचा आवाज येतो." ती रडली असती तर मला समजूत घालता आली असती, पण ती रडली नाही, आणि त्यामुळे माझा जीव अधिकच कासावीस झाला.

मैदानावरचे सगळेजण तिला "जोर लाव, हात जोरात फिरव" असे सांगतात. ती तसे करते, आणि परिस्थिती आणखी बिघडते. मी स्वतः फक्त क्रिकेट खेळलो आहे, तेही गोल्फ क्लबच्या मैदानावर टेनिस बॉलने, त्यामुळे या खेळातले बारकावे मला कळत नाहीत. तिची ताकद कमी पडते आहे, नजर कमी पडते आहे की तिला भीती वाटते आहे, हे कसे ओळखावे? शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा पावसाळ्यातच येतील. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

आपण प्रश्न नीट मांडलात. उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, तिची बॅट चेंडूला जेव्हा लागते तेव्हा फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, कोणत्या बाजूला जातात? दुसरी, ती उजव्या हाताने खेळते की डाव्या? तिसरी, पिचरच्या हातातून चेंडू सुटतो त्या क्षणी हिचा पुढचा पाय जमिनीवर असतो की हवेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहून देऊ नका. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा, आणि पिचर व बॅटर दोघी एकाच चौकटीत येतील अशा जागी, म्हणजे पहिल्या बेसच्या रेषेबाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहा.

तोवर "जोर लाव" हे सांगणे मात्र तात्काळ थांबवा. जोर लावायला सांगितले की मूल मूठ आवळते, खांदे ताठ होतात, बॅट मागे जास्त खेचली जाते आणि चेंडूपर्यंतचा तिचा रस्ता लांबतो. आधीच उशीर होत असलेल्या मुलीला आपण आणखी उशीर करायला लावतो.

गंगापूर रोडचे बाबा

सर, काल संध्याकाळी चित्रीकरण केले. ती उजव्या हाताने खेळते. सहा चेंडूंना बॅट लागली आणि सहाही फाउल पहिल्या बेसच्या बाजूला गेले. पायाचे आपण विचारले ते पाहून मी थक्क झालो. चेंडू अर्ध्या वाटेवर आलेला असताना तिचा पुढचा पाय अजून हवेत आहे, आणि पाय टेकतो तेव्हा चेंडू जवळजवळ तिच्यासमोरच्या होमप्लेटवर पोहोचलेला आहे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

मग निदान झाले. उजव्या हाताच्या बॅटरचे फाउल सातत्याने पहिल्या बेसकडे जात असतील तर बॅट चेंडूवर उशिरा पोहोचते आहे, एवढाच त्याचा अर्थ. ताकदीचा इथे प्रश्न नाही, आणि नजर पूर्ण हरवली असती तर सहा चेंडूंना बॅट लागलीच नसती. मुलीचा हात मंद नाही, तिची सुरुवात उशिरा होते आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तिला आजच्या आज सांगा, कारण या वयातली मुले "मी मंद आहे" हे फार लवकर खरे मानून बसतात.

आता थोडा हिशेब मांडतो. समजा गेल्या वर्षी ती ४० फुटांवरून ताशी ५५ किलोमीटरच्या आसपासचे चेंडू खेळत होती. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, म्हणून सुमारे दीड मीटर वजा करू. चेंडूला पोहोचायला साधारण ०.७० सेकंद लागत होते. महिलांच्या खेळातले पूर्ण अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. त्या अंतरावरून ताशी ८० किलोमीटरचा चेंडू आला तर तो सुमारे ०.५२ सेकंदांत येतो. चेंडू पाहून मेंदूने निर्णय घेण्यात पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो आणि स्विंग सुरू झाल्यावर बॅट चेंडूपर्यंत यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच. आता उरले किती ते पाहा. गेल्या वर्षी चेंडू सुटल्यावर पाय उचलून, मग टेकवून, मग स्विंग करायला तिला वेळ मिळत होता आणि तीच सवय अंगात मुरली. ती सवय तेव्हा चुकीची ठरत नव्हती, म्हणून कोणी दुरुस्तही केली नाही.

उपाय असा, की पाय टेकण्याचे काम चेंडू सुटण्याआधीच संपले पाहिजे. पिचरचा हात समोरून वर जाऊन डोक्याच्या वर आला की हिने वजन मागच्या पायावर घ्यायचे आणि पुढचा पाय उचलायचा, आणि पिचरचा हात खाली कमरेपाशी येऊन चेंडू सुटेपर्यंत पुढच्या पायाची बोटे हळूच जमिनीला लागलेली असायला हवीत. पाय टेकला म्हणजे स्विंग सुरू झाला असे नव्हे, हे मात्र तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. पाय टेकतो तेव्हा हात मागेच राहतात आणि वजनही बरेचसे मागेच असते. चेंडू पाहून हात सोडायचे की नाही, हे ती त्यानंतर ठरवते. पाय लवकर आणि हात वेळेवर, असे दोन वेगळे घड्याळ तिला सांभाळायचे आहेत.

हे शिकवायला आरंभी चेंडूही लागत नाही. पिचर सराव करत असताना हिने बाजूला सुरक्षित जागी स्लगर (म्हणजे बॅट) घेऊन उभे राहायचे, पिचरच्या हाताबरोबर पाय उचलायचा आणि टेकवायचा. रोज चाळीस-पन्नास वेळा, आठवडाभर.

माजी विद्यापीठ खेळाडू, इंदिरानगर

सरांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. पण "चेंडू दिसतच नाही" या तिच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण मीही नेमके हेच म्हणत असे.

माझी चूक अशी होती की मी पिचरचा फिरणारा हात पाहत राहायचे. विंडमिलमध्ये हात पूर्ण चक्कर घेतो आणि त्या चकरेच्या मागे डोळे धावले की चेंडू सुटतो तेव्हा नजर नको तिथे असते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला सांगितले, की आधी पिचरच्या छातीवरच्या अक्षरांकडे सैल नजरेने पाहत राहा आणि हात खाली येऊ लागला की नजर तिच्या मांडीशेजारच्या वहीएवढ्या चौकोनावर आण, कारण चेंडू तिथूनच बाहेर येणार आहे. पहिल्याच दिवशी मला चेंडूची शिवण दिसली. तो दिवस मी विसरलेले नाही.

दुसरे, तिला पिचरच्या सरावात बॅटर म्हणून नुसते उभे करा. हेल्मेट आणि चेहऱ्यावरची जाळी घालून, स्लगर खांद्याजवळ धरून, पण स्विंग अजिबात करायचा नाही. पाय वेळेवर टेकवायचा, चेंडू कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये जाईपर्यंत डोळ्यांनी आणि हनुवटीने त्याचा पाठलाग करायचा आणि मोठ्याने "बॉल" (चुकीच्या जागी आलेला) किंवा "स्ट्राइक" (मारण्याजोगा) म्हणायचे. पिचरलाही समोर बॅटर मिळाल्याने तिचा सराव चांगला होतो, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही. बाद होण्याची धास्ती नसल्यामुळे मेंदू निवांतपणे वेग पचवतो. आठवड्यातून दोनदा तीस-तीस चेंडू पाहिले तरी पुष्कळ झाले.

नजर ही केवळ डोळ्यांची गोष्ट नाही, याचे मला आवडणारे एक उदाहरण आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनीय सामन्यात अमेरिकेच्या जेनी फिंच यांनी अल्बर्ट पुजोल्स आणि माइक पियाझा या बेसबॉलमधल्या अव्वल फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. ही माणसे त्याहून कितीतरी वेगाचे चेंडू रोज खेळत होती, पण ते चेंडू खांद्यावरून आणि साडेसाठ फुटांवरून येणारे होते. कमरेखालून, उंचवट्याशिवाय आणि इतक्या जवळून येणारा चेंडू कसा वाचायचा, हे त्यांच्या डोळ्यांनी कधी शिकलेच नव्हते. तुमच्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

आणि एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साधी तपासणी करून घ्या. वर्गात फळा दिसतो म्हणजे नंबर नसतोच असे नाही.

सिडकोतील पालक

माझा मुलगा बेसबॉल खेळतो. आम्ही त्याला पिचिंग मशिनवर सर्वांत जास्त वेग लावून खेळवले आणि शिवाय जड बॅटने सराव करून घेतला. मशिनच्या वेगाची सवय झाली की माणसाचा वेग कमीच वाटतो. तुम्हीही हे करून पाहावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

सिडकोच्या दादांचा हेतू चांगला आहे, परंतु या मुलीसाठी हा मार्ग मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगतो.

मशिनला हात नसतो. चेंडू एका भोकातून अचानक बाहेर येतो. आपल्याला तर तिला पिचरच्या हाताबरोबर पाय टेकवायला शिकवायचे आहे, म्हणजे जी गोष्ट शिकवायची तीच मशिन हिरावून घेते. शिवाय मशिनचा वेग आणि जागा ठरलेली असते, त्यामुळे मूल दहाव्या चेंडूपासून अंदाजाने फिरवू लागते आणि ते छान लागतेही. मग सामन्यात चेंजअप, म्हणजे त्याच हालचालीने टाकलेला हळू चेंडू, आला की तेच मूल चेंडू येण्याआधीच पूर्ण फिरून मोकळे होते. तंत्र पक्के बसल्यावर बदल म्हणून मशिन जरूर वापरावे.

जड बॅटबद्दल मात्र मी ठाम आहे. या टप्प्यावर ती नकोच. उलट आत्ताचाच स्लगर तिला जड होतो आहे का ते पाहा. तिला स्लगर एका हाताने मुठीपाशी धरून समोर आडवा, खांद्याच्या उंचीवर धरायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांच्या आत टोक खाली झुकू लागले तर तो जड आहे. नवीन घ्यायची घाई करू नका, आधी मुठीपासून दोन बोटे वर धरून खेळू द्या. वेग वाढल्यावर वर धरून खेळण्यात काही कमीपणा नाही.

गंगापूर रोडचे बाबा

सर, बारा सेकंदांत टोक खाली आले. हा स्लगर मीच हौसेने, "वाढत्या अंगाचा" म्हणून एक माप मोठा घेतला होता. शाळेचा गणवेश घेतो तसा. चूक माझी आहे. आता ती वर धरून खेळते आहे.

पंच म्हणून काम करणारा एक जण

बॅटर्स बॉक्समध्ये, म्हणजे बॅटरसाठी आखलेल्या चौकोनात, उभे राहण्याच्या जागेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. बॉक्स सात फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो, आणि त्याचा तीन फुटांचा भाग होमप्लेटच्या मध्यरेषेच्या मागे येतो. बऱ्याच मुली प्लेटच्या बरोबरीने उभ्या राहतात आणि मागची जागा वापरतच नाहीत. एक फूट मागे सरकले तर ताशी ८० किलोमीटरच्या चेंडूसाठी जेमतेम दीड शतांश सेकंद जास्त मिळतो. हा वेळ थोडा आहे, पण फुकट मिळतो आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. चेंडू स्ट्राइक आहे की नाही हे तो प्लेटवरून जाताना ठरते, बॅटरपाशी पोहोचल्यावर नाही. मागे उभ्या राहिलेल्या मुलीला ड्रॉपबॉल, म्हणजे शेवटी खाली पडणारा चेंडू, खूप खाली गेलेला दिसतो, ती तो सोडून देते आणि आम्ही स्ट्राइक देतो. मग पालकांना आमचा राग येतो. मागे उभे राहायचे असेल तर गुडघ्याजवळच्या चेंडूची पारख नव्याने करावी लागेल.

दिंडोरीचे बागायतदार पालक

माझी धाकटी मुलगीही याच खेळात आहे. समोरून जवळून चेंडू टाकण्याचा सराव सगळे सांगतात, पण टाकणाऱ्याचे संरक्षण कोणी सांगत नाही. मी गेल्या वर्षी नडगीवर असा चेंडू खाल्ला की पंधरा दिवस बागेत फिरणे कठीण झाले होते. नावात सॉफ्ट असले तरी तो १२ इंच घेराचा आणि १८० ते २०० ग्रॅम वजनाचा घट्ट चेंडू आहे.

मग मी अंबडमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची जीआय पाइपची सात फूट उंच चौकट करून घेतली. तिच्या वरच्या एका कोपऱ्यात हात बाहेर काढून चेंडू टाकण्यापुरती खाच ठेवली आहे. पहिल्यांदा तिच्यावर द्राक्षावर पाखरांसाठी टाकतो ती जाळी बांधली होती, ती दुसऱ्याच दिवशी फाटली. कोणी तो प्रयोग करू नका. क्रिकेटच्या नेटची जाड नायलॉनची जाळी दुहेरी करून बांधली, ती वर्षभर टिकली आहे. चौकटीपासून जाळी थोडी सैल सोडावी, ताणून बांधली तर चेंडू उसळून परत बॅटरकडे येतो.

आमची चौकट सध्या शेडमध्ये पडून आहे. गंगापूर रोड आम्हाला दूर नाही. हवी असेल तर पिकअपमध्ये टाकून आणून देतो.

गंगापूर रोडचे बाबा

दादा, आपले आभार कसे मानू? नक्की हवी आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसातही जागा आहे आणि अध्यक्षांनी संध्याकाळी एक तास परवानगी दिली आहे. पण किती अंतरावरून आणि कसा चेंडू टाकावा?

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

पार्किंगमध्ये खरा चेंडू वापरू नका, प्लास्टिकचे छिद्रांचे चेंडू आणा. ते हवेत लवकर मंदावतात, म्हणून तिथे वेगाचा हिशेब न करता पाय आणि हात यांची जुळणी तेवढी पाहा. खरा चेंडू मैदानावर, चौकटीमागून, खालच्या हाताने आणि सुमारे सहा मीटरवरून टाका. तेवढ्या अंतरावरून ताशी ४० ते ४२ किलोमीटरने टाकलेला चेंडू तिच्यापर्यंत ०.५२ सेकंदांतच पोहोचतो. म्हणजे मोठ्या पिचरचा वेळ आपण साध्या हाताने तिला देऊ शकतो. टाकण्यापूर्वी हात मात्र पूर्ण मागे नेऊन आणावा, अचानक फेकू नये, नाहीतर तिला पाय कशाच्या तालावर टेकवायचा तेच कळणार नाही. आणि दर चार-पाच चेंडूंमागे एक मुद्दाम हळू टाका, त्याच हाताच्या हालचालीने. सगळे चेंडू वेगवान टाकले तर आपण घरचे मशिनच झालो.

बॅटचा रस्ता आखडण्यासाठी जुना उपाय आहे. भिंतीकडे किंवा जाळीकडे तोंड करून उभे करा, स्लगरची मूठ पोटाला लावून टोक जाळीला टेकेल इतक्या अंतरावर. आता स्विंग करायचा आणि टोक जाळीला लागू द्यायचे नाही. हात आधीच लांब फेकले तर जाळीला लागणारच. कोपर अंगाजवळून आले आणि कंबर आधी वळली तर लागणार नाही. भिंतीसमोर करताना आरंभी हळू करावे, स्लगरचे नुकसान होते.

पंचवटीतील आई

मला भीतीबद्दल लिहायचे आहे, कारण बाबांनी पहिल्याच प्रश्नात तो शब्द वापरला आणि नंतर तो मागे पडला.

माझ्या मुलीला दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात बरगडीवर चेंडू लागला. तिथे हेल्मेटे होती, पण चेहऱ्याच्या जाळ्या नव्हत्या, आणि लागल्यावर "काही होत नाही, उठ" एवढेच तिला सांगितले गेले. त्यानंतर कित्येक महिने चेंडू सुटला की तिचा पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे, म्हणजे बाहेर पडायचा. सगळे तिला पाय सरळ टाक म्हणून ओरडायचे. पाय ऐकत नव्हता, कारण तो भीतीने बाहेर जात होता.

आम्हाला शेवटी एका ताईंनी टेनिसचे चेंडू घेऊन चुकवायला शिकवले. अंगावर चेंडू आला की मागे वाकायचे नाही आणि छाती पिचरकडे उघडायची नाही. पुढचा खांदा आत, कॅचरच्या दिशेने वळवायचा, हनुवटी छातीला लावायची, स्लगर खाली घ्यायचा आणि पाठ द्यायची. ताई मुद्दाम अंगावर टेनिसचे चेंडू टाकायच्या आणि मुलगी वळायची. पाठीवर दहा-बारा चेंडू लागले, लागत काही नव्हते, आणि तिला कळले की अंगावर आलेल्या चेंडूचे काय करायचे ते आपल्याला येते. त्यानंतर पाय आपोआप सरळ पडू लागला. चित्रीकरणात तुमच्या मुलीचा पाय कुठे पडतो, तेही एकदा पाहा.

गंगापूर रोडचे बाबा

ताई, आपण लिहिल्यावर पुन्हा पाहिले. पाय थोडासा बाहेर जातो आहे, एक वीतभर. मायलेकींनी मिळून टेनिसच्या चेंडूंचा सराव सुरू केला आहे, म्हणजे चेंडू तिची आई टाकते. माझ्यापेक्षा आईवर तिचा जास्त विश्वास आहे.

गंगापूर रोडचे बाबा (जुलैचा तिसरा आठवडा)

चार आठवडे झाले, म्हणून कळवतो. पाऊस असा लागला आहे की मैदानावर आठवड्यातून जेमतेम दोनदा जाता येते, पण पार्किंगमधला सराव एकही दिवस चुकलेला नाही. डोळे तपासले, नंबर नाही. चित्रीकरणात पाय आता चेंडू सुटताना टेकलेला दिसतो, दहातून सात-आठ वेळा. सराव सामन्यांत नऊ वेळा बॅटिंगला गेली, तीन वेळा स्ट्राइकआउट. चेंडू आता दिसतो असे ती स्वतः म्हणते. मांडीजवळचा चौकोन तिला फार उपयोगी पडला, तिने तर आपल्या मैत्रिणीलाही तो शिकवला.

पण एक नवी अडचण आहे. बॅट वेळेवर येते, तरी चेंडू बॅटच्या वरून निघून जातो किंवा वरच्या कडेला लागून सरळ वर उडतो आणि झेल जातो. असे वारंवार होते आहे. ती म्हणते की चेंडू शेवटी वर उठतो. खरोखर उठतो का?

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

फार चांगली प्रगती आहे. ही अडचण दुसऱ्या टप्प्याची आहे, म्हणजे पहिला टप्पा ओलांडला.

चेंडू वर उठत नाही, तो तिच्या अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. ०.७० सेकंद हवेत राहिलेल्या चेंडूला गुरुत्वाकर्षण सुमारे २ मीटर ४० सेंटीमीटर खाली ओढते, म्हणून हळू टाकणाऱ्या पिचरला तो वरच्या दिशेने सोडावा लागतो आणि तो कमान घेऊन उतरत येतो. ०.५२ सेकंदांत हीच ओढ सुमारे १ मीटर ३२ सेंटीमीटर असते, म्हणून वेगवान चेंडू जवळजवळ सपाट येतो. तीन वर्षे उतरता चेंडू पाहिलेल्या डोळ्यांना तो कुठे येईल याची एक सवय झालेली असते आणि बॅट त्या जागी, म्हणजे चेंडूच्या खाली जाते. राइजबॉलला पिचर उलटी फिरकी देते, त्यामुळे तो आणखी कमी पडतो आणि उठल्यासारखा भासतो.

म्हणून आता टी, म्हणजे चेंडू स्थिर ठेवून मारण्याचा उभा दांडा, काढा. बाजारातली नसेल तर रस्त्यावरचा प्लास्टिकचा शंकू आणि त्यात रबरी नळी खोचली तरी काम होते. टीवर चेंडू छातीच्या थोडा खाली ठेवा आणि तिला चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर मारायला सांगा, असे की चेंडू समोरच्या जाळीच्या खालच्या निम्म्या भागात लागेल. रोज पंचवीस. स्विंग खालून वर उचलला जात असेल तर मागचा खांदा पडतो आहे का ते पाहा. वडिलांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेल्या मुलांमध्ये मी हे पुष्कळदा पाहिले आहे. क्रिकेटचा चेंडू टप्पा पडून खालून येतो, त्यामुळे हात आपोआप चेंडूच्या खाली जातात. इथे टप्पाच नाही.

सिडकोतील पालक

सरांचे मशिनबद्दलचे म्हणणे मला आता पटले आहे. मुलाचे चेंजअपवर नेमके तसेच होत होते. एक विचारतो, या मुलीला डाव्या हाताने उभे करून स्लॅप, म्हणजे पहिल्या बेसकडे धाव घेता घेता हलका फटका, मारायला शिकवले तर? पहिला बेस दोन पावले जवळ येतो.

माजी विद्यापीठ खेळाडू, इंदिरानगर

स्लॅप हे सुंदर शस्त्र आहे, पण ते तिला हवेसे वाटले तर शिकवावे. वेगापासून सुटका म्हणून शिकवू नये. ती चौथ्या क्रमांकाची हिटर आहे आणि आता कुठे तिची वेळ बसते आहे, अशा वेळी हात बदलला तर तिला वाटेल की आपण तिच्यावरची आशा सोडली. त्यापेक्षा बंट, म्हणजे स्विंग न करता बॅट आडवी धरून चेंडू हळूच खाली टाकणे, शिकवा. बंटसाठी चेंडू अगदी बॅटपर्यंत पाहावा लागतो, त्यामुळे नजरेचा सरावही होतो. प्रत्येक सत्राची सुरुवात दहा बंटने करावी.

गंगापूर रोडचे बाबा (ऑगस्टचा दुसरा आठवडा)

काल सराव सामना झाला. पहिल्यांदा बेस ऑन बॉल्स (चार बॉल पडल्याने फुकटचा पहिला बेस) मिळाला, दुसऱ्यांदा तिसऱ्या बेसच्या खेळाडूकडे जोरदार जमिनीलगत मारून बाद झाली. तिसऱ्या वेळी समोर तीच पिचर होती जिने जूनमध्ये हिला तीनदा बाद केले होते. पहिला चेंडू सोडला, बॉल. दुसऱ्यावर पूर्ण स्विंग केला आणि चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून कॅचरच्या डोक्यावरून सरळ मागे, पाठीमागच्या जाळीवर जाऊन आदळला. मला वाटले, पुन्हा तेच. पण ती बॉक्समधून बाहेर आली, माझ्याकडे पाहून हसली आणि पुन्हा आत जाऊन उभी राहिली. पुढचा चेंडू दुसऱ्या बेसच्या वरून मैदानात गेला आणि ती पहिल्या बेसवर पोहोचली.

घरी येताना विचारले की फाउल गेल्यावर हसलीस का. म्हणाली, "पहिल्या बेसकडे गेला नाही ना, बाबा." मला नीट उलगडा झाला नाही, म्हणून इथे विचारतो.

निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

तिला उलगडा झाला आहे, तो असा. उशीर झाला तर फाउल पहिल्या बेसकडे जातो, घाई झाली तर तिसऱ्या बेसकडे, आणि सरळ मागे गेला तर वेळ बरोबर साधली, बॅट फक्त अर्धा इंच खाली राहिली. पुढच्या चेंडूला तिने तो अर्धा इंच भरून काढला. टीवरचे पंचवीस चालू ठेवा आणि जिल्हास्तरीयची तारीख लागली की कळवा, मी मैदानावर येईन.